नववा राहतो, दहावा जातो: ज्युनिअर आइस हॉकीतली बढती आणि घसरण

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दर वर्षी वीस वर्षांखालच्या मुलांच्या आइस हॉकी जागतिक स्पर्धेत एक सामना होतो, ज्यातून कुणालाही पदक मिळत नाही. आपापल्या गटात तळाला राहिलेले दोन संघ समोरासमोर येतात. जिंकणारा नववा येतो, हरणारा दहावा. तरीही शेवटचा भोंगा वाजला की नवव्या आलेल्या संघाची मुलं आपल्या गोलरक्षकाला मिठ्या मारायला धावतात आणि दहावी आलेली मुलं बाकावरून उठायला तयार नसतात. २०२४, २०२५ आणि २०२६ अशी सलग तीन वर्षं या सामन्यात जर्मनीचा संघ होता. त्याने आधी नॉर्वेला, मग कझाकस्तानला आणि नंतर डेन्मार्कला हरवलं.

कॅनडा-अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत नाताळच्या सुट्टीत ही स्पर्धा टीव्हीवर चालू असते. तिकडची नातवंडं फोनवर उत्साहाने काहीतरी सांगतात आणि इकडे ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की कुणीतरी नववं येऊनही खूश आहे. हा आनंद कशाचा, ते समजून घ्यायचं तर स्पर्धेची रचना बघावी लागते. त्या रचनेत एक गोष्ट अशी आहे, जी मोठ्यांच्या खेळात इतकी ठळकपणे कुठेच दिसत नाही. ती कळली की नववा क्रमांक पदकाइतका महत्त्वाचा का वाटतो, तेही कळतं.

स्पर्धा नेमकी कोणती?

हिचं नाव वर्ल्ड ज्युनिअर चॅम्पियनशिप. वीस वर्षांखालील मुलांची ही आइस हॉकीची जागतिक स्पर्धा आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघ १९७७ पासून अधिकृतपणे भरवतो. २६ डिसेंबरला सुरू होते आणि साधारण ५ जानेवारीला संपते. कॅनडात तर नाताळचा सण या स्पर्धेशिवाय पुरा होत नाही. मोठ्यांची विश्वचषक स्पर्धा दर वर्षी मे महिन्यात होते, तेव्हा उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची बाद फेरी चालू असते आणि अनेक मोठे खेळाडू येऊच शकत नाहीत. ज्युनिअर स्पर्धेला मात्र त्या वयातली बहुतेक उत्तम मुलं हजर असतात, म्हणून तिला एवढा भाव.

खेळाबद्दल थोडक्यात. बर्फाच्या रिंकवर एका वेळी प्रत्येक बाजूचे गोलरक्षकासह सहा जण असतात. चेंडूऐवजी रबराची जाड चकती असते, तिला पक म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून पळतात आणि बदली खेळाडूला जागा देतात, त्यामुळे संघात वीसेक जण लागतातच. ज्या देशाकडे दोन-तीन असामान्य मुलं आहेत पण बाकीचे सामान्य, तो देश इथे लवकर दमतो. फुटबॉलमध्ये एखादा खेळाडू नव्वद मिनिटं संघ खांद्यावर घेऊन जातो. इथे तोच खेळाडू अर्ध्याहून जास्त वेळ बाकावर बसलेला असतो.

वयाचा नियम जन्मसालावर चालतो, आणि पुढचं सगळं या नियमावर उभं आहे. २०२५ ची स्पर्धा, म्हणजे डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ ची, २००५ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी होती. २०२६ ची २००६ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी. दर वर्षी एक अख्खं जन्मसाल बाहेर पडतं आणि खालून एक नवं आत येतं.

उतरंड कशी रचली आहे?

टीव्हीवर दिसतात ते फक्त वरचे दहा संघ. १९९६ पासून वरच्या स्तरात दहाच देश खेळतात. पण स्पर्धेत भाग घेणारे देश चाळीसहून जास्त आहेत. बाकीचे खालच्या स्तरांत विभागलेले असतात. वरच्या दहांच्या खाली पहिल्या विभागाचा अ गट, त्याखाली ब गट, मग दुसऱ्या विभागाचे अ आणि ब, मग तिसऱ्याचे. प्रत्येक गटाची स्पर्धा वेगळ्या देशात, वेगळ्या तारखांना होते. पहिल्या आणि दुसऱ्या विभागाच्या गटांत सहा-सहा देश असतात आणि प्रत्येक जण बाकी पाचही जणांशी खेळतो.

गटात पहिला आलेला देश पुढच्या वर्षी एक पायरी वर जातो, ही बढती. शेवटचा एक पायरी खाली येतो, ही घसरण. इंग्लिश फुटबॉल पाहणाऱ्यांना रेलिगेशन हा शब्द ओळखीचा असेल, तीच ही घसरण.

पूर्वी पहिल्या विभागाचे दोन गट एकाच पातळीवर होते, दोन्हींचे विजेते वर जायचे आणि वरचे दोन खाली यायचे. २०१२ पासून गट एकावर एक रचले गेले आणि वरच्या स्तराचं दार अरुंद झालं. आता एकच जण चढतो, एकच उतरतो.

गुणांचा हिशेब

वरच्या स्तरात पाच-पाच देशांचे दोन गट असतात. प्रत्येकाला गटात चार सामने मिळतात. पूर्ण वेळेत जिंकलात तर तीन गुण. साठ मिनिटांनंतर बरोबरी असेल तर जादा वेळ, त्यातही निकाल लागला नाही तर शूटआउट, म्हणजे एक खेळाडू विरुद्ध गोलरक्षक. अशा लांबलेल्या सामन्यात जिंकणाऱ्याला दोन गुण आणि हरणाऱ्यालाही एक.

हा एक गुण लहान देशांसाठी किती मोलाचा आहे, ते २७ डिसेंबर २०२४ ला ओटावात दिसलं. यजमान कॅनडासमोर लात्विया होता. साठ मिनिटं आणि जादा वेळ मिळून लात्वियाचा गोलरक्षक लिनार्ड्स फेल्डबर्ग्स याने ५५ फटके अडवले. सामना २-२ असा शूटआउटमध्ये गेला, तिथेही फेऱ्यांमागून फेऱ्या गेल्या आणि आठव्या फेरीत एरिक्स माटेयको याने गोल केला. भरलेलं स्टेडियम सुन्न झालं. विजेत्याला गुण मिळाले दोनच, पण ज्या गटात कॅनडा, अमेरिका आणि फिनलंड होते, त्या गटात हे दोन गुण म्हणजे अर्धी लढाई होती. पुढे लात्वियाने जर्मनीलाही हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली.

दोन्ही गटांतले पहिले चार पुढे जातात, म्हणजे दहापैकी आठ जण. उरलेले दोन एकमेकांशी खेळतात. त्यातला एक पुढच्या वर्षी या दहांत नसतो.

रणजीतही असंच असतं की!

असतं. आणि फरक तिथेच कळतो. गोव्याचा संघ २०२३-२४ च्या रणजी मोसमात एलिट गटातून घसरून प्लेट गटात गेला. २०२४-२५ मध्ये त्याने प्लेट गट जिंकला आणि पुढच्या मोसमात तो पुन्हा एलिटमध्ये आला. ज्यांनी घसरणीचा मोसम सोसला त्यांतल्या बऱ्याच जणांनी प्लेटमध्ये घाम गाळला, आणि त्यांतलेच बरेच जण वर येऊन खेळले. गमावलं त्यांनी, कमावलं त्यांनी, उपभोगलंही त्यांनीच. संघात दोन-चार बदल झाले असतील, पण संघ तोच.

वीस वर्षांखालच्या स्पर्धेत असं घडू शकत नाही.

जिंकतात एक, खेळतात दुसरे

पहिल्या विभागाच्या अ गटाची स्पर्धा डिसेंबरच्या मध्यावर होते, वरची स्पर्धा सुरू व्हायच्या दोनेक आठवडे आधी. डिसेंबर २०२४ मध्ये स्लोव्हेनियातल्या ब्लेड गावी डेन्मार्कने हा गट जिंकला. पण त्याच महिन्यात ओटावात सुरू होणाऱ्या स्पर्धेत त्याला जागा नव्हती. तिथले दहा आधीच ठरलेले होते. डेन्मार्कची पाळी आली एका वर्षाने, डिसेंबर २०२५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात.

आता जन्मसालाचा नियम आठवा. ब्लेडला जिंकलेल्या संघातले २००५ साली जन्मलेले सगळे मिनेसोटाच्या आधी वयातून बाद झाले. अशा संघांत एकोणीस वर्षांची मुलंच बहुधा कणा असतात. या वयात एका वर्षाने शरीरात, ताकदीत, निर्णयात खूप फरक पडतो, आणि प्रशिक्षकही महत्त्वाच्या क्षणी मोठ्यांनाच बर्फावर पाठवतात. ज्यांनी संघ वर नेला, त्यांनी वरचा खेळ घरी बसून पाहिला. वर जाऊन खेळली ती त्यांच्यामागची मुलं. ती मिनेसोटात तळाला राहिली आणि घसरणीचा सामना जर्मनीकडून हरली. त्या सामन्यातली २००६ ची मुलंही आता वयातून बाद झाली. ब्लेडच्या स्तरावर परत जाऊन चढायचं काम त्यांच्याही मागच्यांवर आलं आहे.

या रचनेत बढती मिळवणं म्हणजे आपल्यानंतरच्यांसाठी जागा करून ठेवणं. घसरणं म्हणजे आपल्यामागच्यांच्या वाट्याची जागा घालवणं. जानेवारीतल्या त्या सामन्यात एकोणीस वर्षांचा मुलगा पकसमोर आडवा पडतो, दात-ओठ आवळून फटका अंगावर घेतो, तेव्हा तो ज्या स्पर्धेसाठी झुंजत असतो तिथे तो स्वतः कधीच नसणार आहे. मला खेळांच्या नियमांत यापेक्षा सुंदर योगायोग क्वचितच दिसला. कुणी तो मुद्दाम घडवलेला नाही. जन्मसालाची मर्यादा आणि बढतीचा नियम एकत्र आले आणि हे घडलं.

हिशेब पुढे नेला तर आणखी एक गोष्ट दिसते. कमीत कमी वय पंधरा आणि जास्तीत जास्त एकोणीस, म्हणजे अगदी विलक्षण मुलालाही आयुष्यात या पाचच स्पर्धा मिळू शकतात. उतरंडीच्या अगदी तळापासून, तिसऱ्या विभागाच्या ब गटापासून, वरच्या दहांत यायला सहा बढत्या लागतात, म्हणजे सलग सहा वर्षं पहिलं यावं लागतं. एकही मुलगा हा प्रवास पूर्ण करू शकत नाही. देश करू शकतो. मुलं एकेक पायरी चढून काठी पुढच्याच्या हाती देतात.

जर्मनीची गोष्ट

जर्मनी घसरणीच्या सामन्यात एवढ्या जिवावर उदार होऊन का खेळते, ते तिच्या मागच्या दहा वर्षांत सापडतं.

२०१५ च्या स्पर्धेत जर्मनी घसरली. त्या वयोगटातला तिचा सर्वांत गुणी खेळाडू लिऑन ड्रायसाय्टल त्या मोसमात एडमंटन ऑयलर्स या व्यावसायिक संघाकडे गेला होता. आधीच्या दोन वर्ल्ड ज्युनिअर्समध्ये तो जर्मनीकडून खेळला होता, या स्पर्धेत मात्र तो नव्हता. मोठ्या देशाकडे असा एक खेळाडू नसला तर दुसरा पुढे येतो. जर्मनीकडे तेव्हा तसा दुसरा नव्हता.

खाली गेल्यावर लगेच परत येता येईल असं वाटतं, पण खालच्या गटातही सहा जण असतात आणि प्रत्येकाला त्या एकाच दारातून वर जायचं असतं. २०१६, २०१७, २०१८ अशी तीन वर्षं जर्मनीला दार उघडता आलं नाही. चार सामने जिंकून एक हरलात तरी ते वर्ष हातून जाऊ शकतं. या काळात वयात आलेल्या जन्मसालांतली बहुतेक मुलं वरच्या स्तरावर एकही सामना न खेळता वयाबाहेर गेली. त्यांतल्या कित्येक मुलांना कॅनडा किंवा स्वीडनच्या समवयस्कांविरुद्ध आपण किती पाण्यात आहोत, हे या स्पर्धेत कधीच कळलं नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये बव्हेरियातल्या फ्यूसेन गावात अ गटाची स्पर्धा झाली आणि जर्मनी घरच्या मैदानावर पहिली आली. त्या संघात सतरा वर्षांचा मोरिट्झ सायडर होता आणि सोळा वर्षांचा टिम श्टुट्झलही. उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे संघ दर वर्षी क्रमाने तरुण खेळाडू निवडतात, त्या निवडीत सायडरला पुढच्याच उन्हाळ्यात डेट्रॉइट रेड विंग्जने पहिल्या फेरीत सहाव्या क्रमांकावर घेतलं. श्टुट्झलला त्याच्या पुढच्या वर्षी ओटावा सेनेटर्सने तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. दोघं वयाने लहान होते, म्हणून फ्यूसेनला मिळवलेली बढती त्यांना स्वतःला अनुभवता आली. २०२० ची स्पर्धा चेकियात झाली, तिथे जर्मनी घसरणीच्या मालिकेत (तेव्हा एका सामन्याऐवजी तीन सामन्यांची मालिका असायची) कझाकस्तानला नमवून टिकली.

मग २०२१ ची एडमंटनमधली स्पर्धा. करोनाचे दिवस होते. संघातले कित्येक खेळाडू विलगीकरणात अडकले आणि कॅनडाविरुद्ध जर्मनीला गोलरक्षक सोडून अवघे चौदा जण उभे करता आले. सामना १६-२ असा गेला. एवढ्या माराने एखादा संघ कोलमडून गेला असता. पण हीच मुलं उपांत्यपूर्व फेरीत पोहोचली आणि तिथे रशियाकडून फक्त एका गोलने हरली. २०२० मध्ये ती मालिका गेली असती तर यांतलं काहीच घडलं नसतं.

पण एकाच सामन्यावर वर्षाचा निकाल?

ही तक्रार रास्त आहे. २०२३ पर्यंत तळाच्या दोघांमध्ये तीन सामन्यांची मालिका व्हायची, दोन जिंकणारा टिकायचा. त्याच पद्धतीने त्या वर्षी लात्वियाने ऑस्ट्रियाला खाली ढकललं. २०२४ पासून एकच सामना ठेवला आहे. पक गोलरक्षकाच्या पॅडला लागून विचित्र वळला की देशाचं एक वर्ष गेलं. आइस हॉकीत नशिबाचा वाटा तसाही मोठा असतो.

दुसरी बाजूही आहे. मालिका असली की चार सामने खेळून थकलेल्या मुलांना थोड्याच दिवसांत आणखी दोन-तीनदा झुंजावं लागतं. दुखापती वाढतात. शिवाय तळाचे दोन संघ फक्त शेवटच्या सामन्यामुळे तळाला आलेले नसतात, आधी चार सामन्यांत त्यांना वर यायची संधी मिळालेली असते. मला स्वतःला मालिका जास्त न्याय्य वाटते. दोन सामने वाढले तर मुलांच्या पायांवर ताण येईल, पण चार-चार वर्षं खाली अडकण्याच्या तुलनेत तो फार नाही.

कच्च्या संघांना मार खायला वर आणायचंच कशाला?

२०२१ मध्ये ऑस्ट्रिया चार सामन्यांत एक गोल करू शकली आणि तिच्यावर २९ झाले. अमेरिकेने तिला ११-० असं हरवलं. असे आकडे पाहिले की हा प्रश्न पडणारच. काही जण उलटं म्हणतात की मोठ्यांच्या विश्वचषकात सोळा देश खेळतात, मग इथेही सोळा घ्या, म्हणजे घसरणीची एवढी धास्ती राहणार नाही.

दोन्ही सूचनांना एकच उत्तर आहे. मोठ्यांच्या संघात लहान देशसुद्धा बावीस ते पस्तीस वयाचे अनुभवी खेळाडू गोळा करू शकतो. ज्युनिअरमध्ये त्याच्या हाती जेमतेम दोन-तीन जन्मसालं असतात. कॅनडात एका वर्षी जन्मलेल्या हॉकीपटूंचा सागर असतो, ऑस्ट्रियात ओढा. देश वाढवले तर ११-० असे निकालही वाढतील आणि त्यातून कुणी काही शिकणार नाही.

आणि देश कमी केले तर? तर लात्वियाचा ओटावातला विजय घडलाच नसता. लात्विया २०२२ मध्ये वरच्या दहांत आला, २०२३ मध्ये घसरणीतून वाचला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याने कॅनडाला हरवलं. दर वर्षी वरच्यांशी खेळत राहिल्याने हे झालं. मोठ्या संघांचा वेग, अंगावर येण्याची धडक, एका सेकंदात पास द्यायची सवय, हे सराव शिबिरात शिकवता येत नाही. हे मार खाऊनच शिकावं लागतं. १९९८ मध्ये सातव्या क्रमांकाच्या सामन्यात कझाकस्तानने कॅनडाला ६-३ असं हरवलं होतं, हे आज कुणाला खरं वाटणार नाही, पण दार उघडं ठेवलं की असे दिवस येतात.

व्यावसायिक संघांचे निरीक्षक हा आणखी एक मुद्दा. ते खालच्या गटांनाही जातात, सायडरचं उदाहरण समोर आहेच. पण वरच्या स्पर्धेला ते थव्याने हजर असतात. तिथे अमेरिकेच्या बचावफळीसमोर जो मुलगा गोल करतो, त्याच्याबद्दल त्यांना वेगळा पुरावा लागत नाही. घसरण झाली की त्या देशाच्या मुलांना स्वतःला दाखवायची ही जागा जाते. तिचा तोटा सर्वांत जास्त मधल्या दर्जाच्या मुलांना होतो. असामान्य मुलगा कुठेही नजरेत भरतो.

मैदानाबाहेरच्या गोष्टींनी क्रम बदलला तर?

बदलतो, आणि तेव्हा ही रचना अवघडून जाते. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर २०२२ मध्ये महासंघाने रशिया आणि बेलारूस यांना आपल्या स्पर्धांतून बाहेर काढलं. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली ज्युनिअर स्पर्धा करोनामुळे अर्ध्यात थांबली होती. ती ऑगस्ट २०२२ मध्ये नव्याने भरवली तेव्हा रशियाच्या जागी लात्वियाला बोलावलं आणि लात्विया पहिल्यांदाच उपांत्यपूर्व फेरीत गेला. करोनाच्या काळात खालच्या गटांच्या स्पर्धाच झाल्या नाहीत, म्हणून २०२१ मध्ये कुणाची घसरण झाली नाही आणि शेवटची आलेली ऑस्ट्रिया वर राहिली.

मग रशियासारखा देश परत आला तर कुठे येणार? थेट वर आणलं तर दहांतल्या एकाची जागा न हरता जाईल. तळापासून चढायला लावलं तर खालच्या गटांतल्या मुलांना काही वर्षं रशियाकडून मोठे पराभव सोसावे लागतील आणि त्यांची बढती लांबेल. जुनं उदाहरण आहे. १९९३ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले तेव्हा वरची जागा चेक संघाला मिळाली आणि स्लोव्हाकियाला खालून चढत यावं लागलं. स्लोव्हाकिया वर आला आणि १९९९ मध्ये त्याने कांस्यपदकही मिळवलं. पण वाटेत त्याला जे भेटले, त्यांचं काय झालं ते फारसं कुणी विचारत नाही.

आपला देश यात कुठे?

भारत १९८९ पासून महासंघाचा सदस्य आहे, पण वीस वर्षांखालच्या या उतरंडीत तो खेळत नाही. आपल्याकडचं आइस हॉकी मुख्यतः लडाखचं, आणि तिथलं नैसर्गिक बर्फ वर्षातले जेमतेम दोन-अडीच महिने टिकतं. देहरादूनला बंदिस्त रिंक आहे, पण बांधल्यानंतर तो बरीच वर्षं बंद होता, २०२५ मध्ये पुन्हा वापरात आला. तरी २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथे झालेल्या आशिया चषकात भारताच्या महिला संघाने कांस्यपदक जिंकलं, आणि त्यातल्या बहुतेक मुली लडाखच्या होत्या.

वीस वर्षांखालच्या संघाला तळाच्या गटात उतरवायचं तर वर्षभर बर्फ हवं, आणि एकदा नव्हे, दर वर्षी नवा संघ उभा करायची तयारी हवी. एका चांगल्या तुकडीने भागत नाही. तिच्यामागे दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी तयार लागते, कारण पहिलीने मिळवलेली जागा दुसरीलाच टिकवायची असते.

पुढची स्पर्धा बघायची असेल तर

२०२७ ची स्पर्धा कॅनडात, अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटन आणि रेड डिअर या शहरांत आहे, २६ डिसेंबर २०२६ पासून. तिथे २००७ किंवा त्यानंतर जन्मलेली मुलं खेळतील. सामना लावण्याआधी दोन्ही संघांची यादी काढा आणि नावांपुढची जन्मसालं बघा. ज्या संघात २००८ आणि २००९ ची मुलं जास्त, तो बहुधा या वर्षी मार खाईल आणि पुढच्या वर्षी ताकदीने येईल, अर्थात तो वरच्या दहांत टिकला तरच. आणि गटसामने संपल्यावर पदकांची गडबड सुरू होईल तेव्हा घसरणीचा सामना कधी आहे, ते शोधून ठेवा. मोठ्या वाहिन्या त्याला फार वेळ देत नाहीत. त्यात शेवटच्या दोन मिनिटांत मागे पडलेला संघ गोलरक्षकाला बाहेर काढून सहावा आक्रमक आत आणतो आणि आपला गोल रिकामा सोडायची जोखीम घेऊन खेळतो. तेव्हा बर्फावर बहुतेक २००७ ची मुलं असतील.